घोडदळ आणि वैरण

गवत, कडबा, पेंढा, भुसा यांसारख्या तंतुमय चाऱ्याला वैरण म्हणतात. धान्याच्या रोजच्या नेमलेल्या शिध्याला मराठी कागदपत्रांत ‘चंदी’ हा शब्द आढळतो. घोड्याला चंदी मिळाली नाही, तर तो अशक्त होतो. वैरण मिळाली नाही, तर तो आजारी पडतो व अखेर मरतो. लष्करी इतिहासात घोड्यांची संख्या, जात व किंमत यांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या मानाने त्यांच्या पोटात रोज जाणाऱ्या गवताच्या भाऱ्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. वस्तुतः मोहिमेचा हंगाम, तळाची जागा, सैन्याचा वेग आणि रयतेशी असलेला त्याचा संबंध या सर्व गोष्टी या भाऱ्यावर अवलंबून होत्या. दख्खनमधील मराठी घोडदळाच्या इतिहासात हे विशेष स्पष्ट दिसते.

घोडा रवंथ करीत नाही. गायीबैलांच्या पोटात चारा प्रथम मोठ्या कोठीपोटात आंबतो व मग पुढे सरकतो. घोड्यात हा क्रम उलटा असतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने फार लहान, सु. ८ ते १५ लिटर मापाचे असते. धान्यातील स्टार्च, साखर, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे पचन बव्हंशी जठर व लघ्वांत्र यांत उरकते. गवताच्या पेशींच्या भित्ती ज्या सेल्युलोज व तत्सम पदार्थांच्या बनलेल्या असतात, ते पदार्थ मात्र कोणत्याही सस्तन प्राण्याच्या स्वतःच्या पाचकरसांनी विघटित होत नाहीत. ते तसेच पुढे उंडुकात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या आंधळ्या पिशवीत, व तेथून बृहदांत्रात जातात. मोठ्या घोड्यात या दोहोंची मिळून धारणशक्ती शंभर लिटरांहून अधिक असते. तेथील असंख्य सूक्ष्मजंतू तंतूंचे किण्वन करतात व त्यातून निर्माण होणारी बाष्पनशील वसाम्ले रक्तात शोषली जातात. केवळ चाऱ्यावर राहणाऱ्या घोड्याला निम्म्याहून अधिक ऊर्जा या मार्गाने मिळते. लाकडी घटक असलेले लिग्निन तेवढे न पचता बाहेर पडते.

या रचनेमुळे घोड्याला एक लाभ होतो आणि काही बंधनेही येतात. बैलाच्या कोठीपोटातून चारा पुरेसा बारीक झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे चारा फारच निकृष्ट असला, तर बैलाचे पोट भरलेले राहते, पण पोषण होत नाही. घोड्याच्या पोटातून चारा लवकर पुढे जातो. तंतूंतील सत्त्व तो बैलाइतके काढून घेऊ शकत नाही. परंतु अधिक खाऊन ती उणीव भरून काढतो. म्हणूनच वाळलेल्या माळावर, जेथे गवताचा तुटवडा नसतो पण त्यात कसही नसतो, तेथे घोडा तग धरू शकतो. त्यासाठी त्याला दिवसातून चौदा ते सोळा तास चरावे लागते. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते. पण त्याचा दाह शमविणारी लाळ केवळ चावण्याच्या क्रियेने सुटते. एक किग्रॅ. वाळके गवत चावून खाण्यास घोड्याला सु. ४० मिनिटे लागतात, तर तेवढाच ओट सु. दहा मिनिटांत संपतो. लघ्वांत्राला न पेलणारा दाणा एकदम खाऊ घातला, तर स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो, तेथे लॅक्टिक आम्ल वाढते आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतील थराचा दाह उद्‌भवतो. अशा दाहाने घोडा उभादेखील राहू शकत नाही. तात्पर्य, दाणा वाढवून वैरणीची उणीव भरून काढता येत नाही. ही साधी गोष्ट सेनापतींच्या हिशेबात मात्र वारंवार हरवलेली दिसते.

अश्वपालांना किण्वनाची कल्पना नव्हती. अनुभवाने आलेले नियम मात्र फार जुने आहेत. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या सुमारास मितन्नी देशातील किक्कुली याने रथाच्या घोड्यांच्या शिक्षणाविषयी दिलेले पाठ हिटाइट राजधानीच्या अवशेषांतील मृत्पट्टिकांवर मिळाले आहेत. त्यांत दौडीबरोबरच गवत व धान्य केव्हा द्यावे, हे सांगितले आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या अश्वाध्यक्ष-प्रकरणात धान्य, स्नेह, मीठ यांची मापे आहेत. त्यांखेरीज हिरवा चारा किती आणि त्याऐवजी साधे गवत दिल्यास त्याचे प्रमाण किती वाढवावे, हेही नमूद आहे. चाऱ्याच्या प्रतीप्रमाणे त्याचा भार बदलावा लागतो, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले दिसते. शालिहोत्राच्या परंपरेतील पुढील ग्रंथांनी हा विषय वैद्यकाच्या अंगाने वाढविला. याउलट मार्को पोलो याने तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतील माबार किनाऱ्यावर घोड्यांना मांस व भात शिजवून घालतात आणि समुद्रमार्गे आणलेले बहुतेक घोडे तेथे लवकर मरतात, असे लिहून ठेवले आहे. त्याच्या वर्णनात काही अतिशयोक्ती असेलही. तथापि गवत कमी आणि शिजविलेले अन्न फार, हा आहार घोड्याला मानवणारा नाही.

आईन-इ-अकबरी मधील खाशा तबेल्याचे नियम यापेक्षा बारकाईचे आहेत. दाणा, पीठ, साखर किंवा गूळ आणि तूप यांच्या रोजच्या मापांबरोबर अबुल फज्ल वाळक्या गवतासाठी दररोज दोन दाम खर्च लिहितो आणि ताजे गवत मिळत असेल, तेव्हा हा खर्च बंद ठेवावा, असे सांगतो. एका घोड्याला पुरेल इतक्या गवतास सु. तीन बिघे जमीन लागते, हा त्याचा अंदाजही महत्त्वाचा आहे. ताज्या गवताचा हंगाम सुरू होताच पहिले तीन दिवस दाणा मुळीच देऊ नये, हा त्याने नोंदविलेला नियम तर आजच्या पशुवैद्यालाही पटेल. आहार एकाएकी बदलला, की आतड्यांतील सूक्ष्मजंतूंची घडी विस्कटते. तबेल्यातील मोतद्दारांना कारण ठाऊक नसेल, परिणाम नक्कीच ठाऊक होता.

दख्खनच्या पठारावर वैरणीचे वर्ष पावसाने ठरते. मृगाच्या पावसानंतर माळ हिरवे होतात. पण कोवळ्या गवतात बहुतांश पाणीच असते. भाद्रपद-आश्विनात पवना, मारवेल, शेडा ही गवते तयार होतात आणि हीच कापणीची वेळ असते. ती टळली, की गवत वाळून कठीण होते, त्यातील प्रथिने घटतात व लिग्निन वाढते. कुसळीसारख्या गवताची कुसे तर जनावरांच्या तोंडाला रुततात. पुढे ज्वारीची काढणी झाली, की कडबा हाती येतो आणि पुढील पावसापर्यंतची भिस्त त्यावर व गंज्यांतील वाळक्या गवतावर असते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, याची कारणे धार्मिक व राजकीय आहेतच. तथापि नद्या उतरलेल्या असतात आणि वाटेवरचे गवत पिकलेले असते, अशी ती नेमकी वेळ होय. भीमा-नीरा खोऱ्यांतील भीमथडीची तट्टे या वैरणीवरच वाढली. ती ठेंगणी असत, अरबी किंवा इराकी घोड्यांच्या मानाने दिसायला सामान्य. पण लांब मजल मारून माळावरच्या गवतावर रात्र काढीत. तंतुमय चाऱ्याने भरलेले मोठे आतडे पाणी व क्षार यांचाही साठा धरून ठेवते, हे लक्षात घेता त्यांच्या काटकपणाचे काही श्रेय या चाऱ्याला दिले पाहिजे.

कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, त्यात पावसाळी छावणीला मोठे स्थान आहे. पावसाळ्यात लष्कराने स्वदेशी छावणीस यावे, तेथे दाणा, औषधे व गवताने शाकारलेल्या पागा अगोदर सिद्ध ठेवाव्या आणि दसरा होताच कूच करावे, असा तो क्रम आहे. पागेतील पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. बारगिराचा घोडा सरकारी असल्याने त्याच्या वैरणीची जबाबदारीही सरकारवर पडे. शिलेदार आपला घोडा आपण पोशी.

ही व्यवस्था कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात ती किती नाजूक होती, हे वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या एका पत्रावरून कळते. चिपळूणनजीक हलवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजी महाराजांनी ते सुहूर सन १०७४ (इ. स. १६७३–७४) मध्ये पाठविले. पावसाळा तोंडावर आला आहे. साठविलेला दाणा व गवत आताच मन मानेल तसे उधळले, तर ऐन पावसात ते मिळणार नाही, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी ताकीद त्यात आहे. त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. साठा संपला, की शिपाई गावात शिरतील. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. मग जीव धरून राहिलेले कुणबी गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील आणि त्यांना ही फौज मोगलांहून वाईट वाटेल. गवताच्या गंज्यांजवळ चूल, चिलीम वा दिवा बेसावधपणे ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेतात व त्यातून आग लागते, असेही बजावले आहे. एकदा गवत जळाले, की मग कितीही सक्ती केली तरी पावसात त्याची भरपाई होणार नाही.

हे पत्र राज्यकर्त्याच्या रयतेविषयीच्या कळकळीचा पुरावा म्हणून नेहमी उद्‌धृत केले जाते आणि ते योग्यच आहे. पण वैरणीच्या दृष्टीने वाचले असता त्यातील आणखी एक गोष्ट नजरेस येते. कोकणात आषाढ-श्रावणात सर्वत्र हिरवळ असताना घोडी उपाशी मरण्याचे भय का वाटावे? याचे उत्तर घोड्याच्या आतड्यात व कोकणच्या हवेत आहे. त्या गवतात सु. ८० टक्के पाणी असते. आवश्यक तेवढा शुष्क भाग पोटात जाण्यास घोड्याला त्याचे प्रचंड ओझे खावे लागेल, आणि संततधारेत दिवसभर मोकळे चरणे शक्य नसते. कापून आणलेले ओले गवत तापते व कुजते, बुरशी आलेले घोड्याला बाधते. भाताचा पेंढा भरपूर असला, तरी त्यात सिलिका अधिक व कस कमी. राहता राहिली पावसाळ्यापूर्वी गंजी रचून शाकारलेली कोरडी वैरण. वैशाख-ज्येष्ठातील गंजी म्हणजे चार महिन्यांचे घोडदळच होते.

मोहिमेत या साठ्याचा उपयोग नसे, कारण वैरण वाहून नेता येत नाही. सु. ३०० किग्रॅ. वजनाच्या तट्टाला शरीरभाराच्या दोन टक्के या मानाने रोज सु. ६ किग्रॅ. कोरडी वैरण लागते. दहा हजार घोड्यांना हीच रोजची ६० टन होते. लादणीच्या बैलाच्या पाठीवर १००–१२० किग्रॅ. ओझे धरले, तर एका दिवसाच्या वैरणीस पाचशे-सहाशे बैल लागतील. त्यांतही गवत हलके व अवजड असल्याने पाठीवर तेवढा भार बसणेच कठीण, आणि बैलही वाटेत गवतच खाणार. यामुळे वंजारी तांडे लष्कराला धान्य, मीठ पुरवीत. गवत पुरवीत नसत. ते रोज तळाभोवतीच्या मुलखातून आणावे लागे. या कामी निघणाऱ्या टोळीला ‘कही’ म्हणत. फार्सीतील वाळके गवत या अर्थाच्या ‘काह’ शब्दाशी त्याचे नाते आहे. एका तळावर फौज जितके दिवस राही, तितकी कही दूर जाई. घोडदळ सतत हलत राही, ते केवळ डावपेच म्हणून नव्हे.

गवत कोणाच्या तरी शिवारातले असते. सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखलेली असत व ‘कुरण’ हे नाव आजही काही गावांना चिकटून राहिले आहे. पण परमुलखात कुरण नव्हते. तेथे फौजेच्या दाणावैरणीबद्दल गावांकडून वसुली होऊ लागली आणि तिला ‘घासदाणा’ हे नाव पडले. आरंभी गरजेपोटी घेतलेली ही वस्तू पुढे रोख कर बनली. नागपूरकर भोसले चौथाईबरोबर घासदाणा उगवीत आणि त्यावरून पेशव्यांशी त्यांचे खटके उडत. १७६९ साली माधवराव पेशवे व जानोजी भोसले यांच्यात झालेल्या कनकापूरच्या तहात घासदाण्याचे कलम घालावे लागले. स्वराज्यातही गवत कापणे व वाहणे हा वेठीचा भाग असे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ मध्ये राहिलेला इंग्रज अधिकारी ब्रॉटन याच्या पत्रांत फौजेच्या मुक्कामाने उभ्या पिकांची झालेली नासाडी वाचावयास मिळते. शिवाजी महाराजांच्या पत्रातील भाकीत आणि हे वर्णन यांत सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. करांच्या इतिहासात घासदाण्याचा उल्लेख ओझरता येतो. ज्याच्या दारातली गंजी गेली, त्या कुणब्याच्या बैलांचे त्या उन्हाळ्यात काय झाले असेल, याची नोंद दप्तरात नाही.

पानिपतच्या मोहिमेत वैरणीचा प्रश्न निर्णायक ठरला. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला, तेव्हा धान्य हाती आले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशाह अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली व मराठी फौज यांच्यामध्ये आला. सदाशिवरावभाऊंनी पानिपतास खंदक खणून तळ दिला व तो १४ जानेवारी १७६१ पर्यंत हलला नाही. चालते घोडदळ अडीच महिने एका जागी खिळून राहणे, हाच त्याच्या घडणीविरुद्धचा प्रकार होता. जवळपासचे गवत संपत गेले. कही दूर जाऊ लागली आणि शत्रूच्या टोळ्यांनी ती गाठून कापण्यास आरंभ केला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने आपल्या फार्सी वृत्तांतात एका रात्री बाहेर पडलेल्या बुणग्यांच्या मोठ्या जमावाची कत्तल झाल्याचे सांगितले आहे. त्याने दिलेला वीस हजारांचा आकडा फुगवलेला असणे शक्य आहे. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, त्यानंतर वेढ्याचा फास आवळला. माणसांना धान्य महाग झाले, पैशाचीही चणचण होती; पण घोड्यांची स्थिती त्याआधीच बिघडली होती. साठ्यातला दाणा त्यांना घातला असता, तरी चोथ्यावाचून तो त्यांना मानवला नसता. उपासाने घोडी मरत गेली आणि उरलेल्यांच्या अंगी दौड राहिली नाही.

पानिपतच्या कारणमीमांसेत गारद्यांचा तोफखाना व गनिमी कावा सोडल्याची चूक यांवर फार शाई खर्च झालेली आहे. ज्या घोडदळाने पुन्हा गनिमी काव्याकडे वळावे, असे टीकाकारांना वाटते, त्याची घोडी डिसेंबरअखेर तसे करण्याच्या अवस्थेत होती काय, हा प्रश्न त्या चर्चेत अधिक ठळकपणे यावयास हवा.

घोड्याला दाणा अधिक व गवत कमी देण्याची प्रवृत्ती पुढे यूरोपीय सैन्यांत वाढली, कारण दाणा मोजता, साठवता व जहाजातून नेता येतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करातील घोड्याचा नेहमीचा शिधा १२ पौंड ओट व १० पौंड वाळके गवत असा होता. तरीही १९१४–१८ या काळात ब्रिटनमधून फ्रान्सला सु. ५४ लक्ष टन ओट व गवत पाठवावे लागले. त्याच काळात पाठविलेला दारूगोळा सु. ५२.५ लक्ष टन, म्हणजे त्याहून कमीच होता. वैरण तुटली, की घोडी दावी, झुली, लाकूड असे काहीही कुरतडू लागत. त्यात भुकेबरोबरच चघळण्याची त्यांची उपजत गरजही होती.

विज्ञानानेही तंतूंची बाजू उशिरा घेतली. जर्मनीतील व्हेन्डे येथील प्रयोगकेंद्रात हेन्नेबर्ग व श्टोमान यांनी १८६० च्या सुमारास वैरणीच्या पृथक्करणाची जी पद्धत बसविली, तीत सौम्य अम्ल व क्षार यांत उकळूनही जे उरते, त्याला ‘कच्चे तंतू’ म्हटले. या शिल्लकेकडे पुढे शंभर वर्षे बव्हंशी निकस भाग म्हणूनच पाहिले गेले. १९६० नंतर अमेरिकेत व्हॅन सोएस्ट यांनी प्रक्षालकांचा उपयोग करून पेशीभित्तीचे घटक वेगळे काढण्याची पद्धत शोधली, आणि या भागातील कितीतरी अंश सूक्ष्मजंतूंच्या द्वारे अन्नच बनतो, हे मापता येऊ लागले. आता घोड्याला शरीरभाराच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज मिळावी, ती दिवसभर थोडीथोडी खाता यावी आणि दाणा एका वेळी बेताचाच असावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. शर्यतीच्या घोड्यांच्या जठरांची दुर्बिणीतून तपासणी होऊ लागली, तेव्हा भरपूर दाणा व मोजके गवत यांवर पोसलेल्या, एरवी तुकतुकीत दिसणाऱ्या घोड्यांतही जठरव्रण मोठ्या प्रमाणावर आढळले.